सात महिने गावी

आलेल्या माणसासमोर काय बोलावं नि काय पोटात ठेवावं, एवढं साधं वळण अवनीला तेवीस वर्षांत कुणी लावलं नाही. लावायचं कुणी? तिची आई सुचित्रा पहाटे साडेपाचला अबू धाबीची बस धरणार, संध्याकाळी चेहरा पाडून परत येणार, नि सुट्टीच्या दिवशी आठवड्याचे कपडे मशीनमध्ये कोंबणार. वळण काही मशीनमध्ये घालून लागत नाही. आणि गुणवंत तर बापच, त्याला पोरगी म्हणजे देव्हाऱ्यातली. तेव्हा सत्यभामाबाईंचं म्हणणं असं, की जे झालं त्यात चूक पहिली अवनीची, बाकीच्यांची मागाहून. पोरीने सकाळी बजावलं होतं, "आजी, अकरा ते बारा माझा इंटरव्ह्यू आहे. बेल वाजली तरी दार उघडायचं नाही, प्लीज," हे खरं. सत्यभामाबाईंनी दार उघडलं, हेही खरं. पण भिंगातून बघितलं तर बाहेर सहाव्या मजल्यावरची दर्शना, हातात पेढ्यांचा डबा आणि तोंडावर ते ठेवणीतलं हसू. तिचा विघ्नेश डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला पास झाल्याचं काल मंडळाच्या ग्रुपवर सगळ्या बर दुबईला कळलं होतं. अशा बाईला काय दाराबाहेरून परत पाठवायची? उलट आत घ्यावी, बसवावी, आणि आमचीही पोरगी काँप्युटरवर तीन-तीन डॉक्टरांपुढे कशी ताठ बसलीय ते तिला तिच्या डोळ्यांनी बघू द्यावं. बाईंनी ओठांवर बोट ठेवून तिला आत घेतलं, सोफ्यावर टेकवलं, आणि भुवई उडवून जेवणाच्या टेबलाकडे दाखवलं. इंटरनेट त्याच कोपऱ्यात धड चालतं म्हणून अवनी तिथे बसली होती, सोफ्याकडे पाठ करून, कानात ती काळी बोंडं घालून. तिला मागचं काही ऐकू येत नव्हतं. मागच्यांना मात्र तिचं सगळं ऐकू येत होतं.

सत्यभामाबाई चौथी शिकलेल्या, तीही मराठी. इंग्रजी त्यांना पावसासारखं ऐकू येई, पडतंय एवढं कळायचं. पण काही शब्द असे असतात की ते माणूस शिकत नाही, ते माणसाच्या अंगावर ठेवले जातात आणि मग कातडीला चिकटून राहतात. पोरगी छान बोलत होती, हात हलवत होती, दर्शना पेढ्याचा तुकडा मोडत कान देऊन होती, आणि त्या पावसात एकाएकी 'ग्रँडमदर' आलं. पाठोपाठ 'हिप फ्रॅक्चर' आलं. मग 'सेव्हन मंथ्स'. मग 'बेडपॅन'. हा शेवटचा शब्द पोरीने एकदा नाही, दोनदा उच्चारला, अगदी स्वच्छ, लाज ना शरम, भाजीवाल्याला कोथिंबीर सांगावी तसा. बाईंच्या डाव्या खुब्यात, जिथे सळई आहे, तिथे काहीतरी गार हललं. हिवाळ्यात दुखतं तसं नव्हे. कुणीतरी भर माणसांत पांघरूण ओढल्यावर उघड्या मांडीला एसीचा वारा लागतो, तसं. त्यांनी दर्शनाकडे बघितलं नाही. पण पेढ्याचा हात तोंडाजवळ जाऊन थांबलाय हे त्यांना न बघता दिसलं.

"काकू," दर्शना हळूच म्हणाली, आणि तिच्या त्या हळू बोलण्यात दयेचा एवढा चिकट पाक होता की बाईंना शिसारी आली. "सात महिने? पण तुम्ही तर तेव्हा गावी होतात ना?"

एखाद्या बाईने अशा वेळी डोळ्यांना पदर लावला असता. सत्यभामाबाई तशांतल्या नव्हत्या. त्यांनी समोरचा डबा उचलला, त्यातला एक पेढा निवडून घेतला, आणि दर्शनाच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "खोटं बोलतेय गं. डॉक्टरकीच्या ॲडमिशनसाठी काहीतरी रडगाणं गावं लागतं म्हणे. मार्क कमी पडलेत ना, त्याला कारण हवं. मग सापडली म्हातारी. म्हातारीला लोळवली नि मोकळी झाली."

"अय्या," दर्शना म्हणाली. "कमी पडलेत? तुम्ही तर म्हणाला होतात पहिली आली."

"तुझ्या विघ्नेशला काय, पहिल्यापासून डोकं आहे," सत्यभामाबाई म्हणाल्या. पेढा तोंडात घोळत होता, खव्याला जरा जळका वास होता, आणि पोरीचा खरेपणा आणि तिचा पहिला नंबर, दोन्ही आपण घालवले हे त्यांना पेढा गिळेपर्यंत कळून चुकलं होतं. दर्शना पाच मिनिटांत उठली. लिफ्टच्या दारात तिने फोन हातात घेतला होता.

आणि पोरीला पत्ताच नाही. बोंडं काढून गर्रकन वळली, एवढंसं तोंड, त्यात हसू मावेना. "आजी! दे लाइक्ड मी! आजी, तो मेन सर म्हणाला, मार्क तीनच्या खाली असले की आम्ही फाईल उघडतच नाही, पण तुझी केस वेगळी आहे." मग बाईंच्या पायाशी गालिचावर बसून, गुडघ्यावर हनुवटी टेकून तिने सगळं समजावून सांगितलं, लहान पोराला सांगतात तसं. चारपैकी तिला दोन पॉइंट सात. त्या दोन सेमिस्टर सोडल्या तर तीन पॉइंट तीन. त्यांना फक्त पुरावा हवा की त्या दोन सेमिस्टरला घरात खरंच कुणी आजारी होतं. हॉस्पिटलचे कागद. ते हॉस्पिटल पेशंटशिवाय कुणाला देत नाही, बाबांनाही नाही. स्वतः पेशंटने जाऊन आयडी दाखवून सही करायची. गुरुवारी दुपारी पोर्टल बंद. "तुझी एक सही, आजी. दॅट्स इट." बाईंनी मनात हिशोब घातला. चार आण्यांतले पावणेतीन आणे. म्हणजे शंभरात सदुसष्ट-अडुसष्ट. गावात एवढ्यावर वाजंत्री लावली असती. इथे म्हणे फाईल उघडत नाहीत. पोरीच्या केसांतून खोबरेल तेलाचा वास येत होता, आणि तो वास त्यांना नको होता.

कारण तो त्या सात महिन्यांचा वास. डेटॉल, खोबरेल, रबरी चादर, आणि मागच्या खोलीच्या खिडकीबाहेर एसीच्या डब्यावर बसणाऱ्या कबुतरांची विष्ठा. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी न्हाणीघरात पाय सरकला. खुब्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं, सळई घातली, आठवड्याने टाके चिघळले, पुन्हा आत नेलं, पुन्हा उघडलं, आणि त्यानंतर जे अंथरूण धरलं ते मेअखेरपर्यंत. गुणवंत म्हणाला नर्स ठेवू, दिवसाचे अडीचशे दिरहम, म्हणजे आपले जवळजवळ सहा हजार, होऊ देत. सुचित्राची नोकरी नवी, तिला रजा मागायचं तोंड नव्हतं. सत्यभामाबाईंनी नर्सला साफ नकार दिला. परक्या बाईचा हात अंगाला लागू देणार नाही. आणि नर्स म्हणजे काय, आज इथे, उद्या चौथ्या मजल्यावर, परवा सगळी बिल्डिंग म्हणणार सत्यभामा हगते-मुतते कुठे. मंडळाच्या गणपतीला चारशे मोदक एका बैठकीत वळणारी बाई, जिच्यासमोर पुण्याच्या शिकलेल्या सुना पारीला नाक काढताना थरथरतात, ती आता पाठीवर पडून छताकडे बघत असते, हे कुणाला कळायचं नव्हतं. म्हणून गावी. "आई गावी गेल्यात, बहिणीकडे," असं सांगायचं ठरलं. खोलीचं दार बंद, पडदा ओढलेला, कुणी आलं तर खोकायचंसुद्धा नाही. अवनीला त्यांनी खाटेशी बोलावून शपथ घातली होती. "कॉलेजात, मैत्रिणीत, कुठ्ठं म्हणून बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील." पोरगी एकोणीस वर्षांची होती. डोळे मोठे करून तिने मान हलवली, आणि ती बोलली नाही. मास्तरणीने विचारलं, तू तासाला का नसतेस, तर म्हणाली, बरं नव्हतं. दुसऱ्यांदा विचारलं, तर म्हणाली, झोप लागली. त्या मास्तरणीला तेव्हा दोन ओळी लिहून दिल्या असत्या तर म्हणे तो अख्खा विषय पुढे ढकलता आला असता, मार्कांना धक्का लागला नसता. हे गुणवंतने पुढे कधीतरी जेवताना सांगितलं. सत्यभामाबाईंनी तेव्हा आमटी वाढून घेतली होती.

आणि जूनमध्ये काठी टेकत त्या खाली उतरल्या तेव्हा बायका भोवती जमल्या. काय हो, किती दिवस राहिलात, कशी आहे बहीण, काठी कशाने? बाई म्हणाल्या, पालखी नाचवताना गर्दीत पाय मुरगळला. मग कुणीतरी म्हणालं, म्हणजे शिमगा मिळाला वाटतं यंदा तुम्हाला, आणि बाईंनी शिमगा सांगितला. होळीला सावरीचं झाड कुणाच्या रानातून आणलं, पालखी कुणाच्या दारात अडून बसली, नि नारळ कुणी लपवला नि तो कुणाला सापडला. अर्धा तास सांगितला. दर्शनाने तर डोळे मिटून ऐकला होता, मुलुंडला वाढलेली बाई, तिला काय ठाऊक शिमगा. सांगता सांगता बाईंच्या पायाला खरोखरच अंगणातली शेणाची ओल लागली. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांना दोन्ही आठवायचं, छताचा पिवळा डाग आणि पालखीचा गोंडा, आणि कुठलं खरं हे ठरवायची त्यांना गरज वाटली नाही. चार वर्षं होत आली. शिमगाच खरा झाला होता. आता कुणीतरी येऊन छताचा डाग परत दाखवत होतं.

संध्याकाळी घरात जे व्हायचं ते झालं. दर्शनाने ग्रुपवर लिहिलं नाही, ती तेवढी मूर्ख नव्हती. तिने दोघी-तिघींना वेगवेगळं लिहिलं, आणि त्यातलीच एक सुचित्राच्या बसमध्ये होती. सुचित्रा दारातून आली तीच पर्स न ठेवता. "आई, तुम्ही अवनी खोटं बोलते म्हणालात? लोकांसमोर?" चोवीस वर्षांत ती पहिल्यांदाच या आवाजात बोलत होती. "अहो, तिने तुमचं काय काय काढलंय ते मी बघितलंय. मी तिची आई, मला नसतं जमलं." गुणवंत मध्ये पडला, रास अल खोरच्या गोदामातून नुकताच आलेला, शर्टाला पुठ्ठ्याचा वास. "आई, झालं ते झालं. बुधवारी सकाळी जाऊ, सही कर, खलास. दर्शनाचं काय एवढं!" दर्शनाचं काय एवढं, म्हणे. ह्याचा बाप अबू धाबीजवळच्या मुसफ्फात बावीस वर्षं वेल्डिंग करत होता. कॅम्पात एका खोलीत दहाजण, आणि गावी आला की उंची सेंटचा घमघमाट. त्याचं खोकणं आम्ही कधी वाडीला ऐकू दिलं नाही. बाईंना हे बोलावंसं वाटलं, पण त्यांची नजर अवनीकडे गेली. पोरगी फ्रीजला टेकून उभी होती. तिला आईकडून सगळं कळलं होतं. आपल्याला लबाड ठरवलं हे तिला कळलं होतं. सत्यभामाबाई वाट बघत राहिल्या. आता फुटेल. आता म्हणेल, थेरडे. पण पोरीने फ्रीज उघडला, ताकाचा गडू काढला, आणि विचारलं, "आजी, तुझी बीपीची गोळी घेतलीस का?"

हेच. हेच बाईंना चार वर्षं सहन होत नव्हतं. त्यांना माणसं ठाऊक होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करणारं माणूस म्हणजे काय चीज असते हे त्यांना जितकं ठाऊक होतं तितकं कुणाला नसेल. मुक्ताबाई, त्यांची सासू, नऊ वर्षं लोळत होती. नवरा गणू मुसफ्फात, गुणवंत शाळेत, आणि घरात ह्या दोघी. पहिलं वर्ष सत्यभामाने धड काढलं. दुसऱ्या वर्षी म्हातारीची कूस बदलताना तिच्या दंडाचं कातडं चिमटीत आलं, आणि चिमूट सुटायच्या ऐवजी वळली. म्हातारी ओरडली नाही. तिने फक्त बघितलं. त्यानंतर ते सोपं गेलं. म्हातारी "भामे गो, भामे गो" करत राही आणि भामा ओटीवर तांदूळ निवडत बसे, शेवटचा खडा निघेपर्यंत. ओलं म्हणजे काय, वाळतं. गणू कॅसेट पाठवायचा, त्या वेळी पत्राच्या जागी कॅसेट यायच्या, आणि उलटी कॅसेट भरून पाठवायची असे. भामा तो तिकडून आलेला टेपरेकॉर्डर म्हातारीच्या तोंडाशी धरायची आणि लाल बटण दाबायची. म्हातारी तिच्या डोळ्यांत बघत सांगायची, "गणू, भामा फार करते हो माझं. लेकीनं केलं नसतं असं करते." दर खेपेला तेच. बटण बंद झालं की दोघी गप्प. म्हातारीला कळत होतं आणि भामालाही कळत होतं, आणि ह्यातच एक चोख व्यवहार होता. कुणी कुणाला फसवत नव्हतं. सेवा म्हणजे हे. वरून कॅसेट, खालून चिमटा.

म्हणून स्वतः पडल्यावर सत्यभामाबाई चिमट्याची वाट बघत होत्या. पहिल्या आठवड्यात येईल, दुसऱ्या आठवड्यात येईल. पोरगी यूट्यूबवर बघून कूस बदलायला शिकली. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी घड्याळ लावायची. भांडं ठेवताना आधी ते गरम पाण्यात बुडवून पुसायची, आजीला गार लागू नये म्हणून, आणि तोंड भिंतीकडे न करता काहीबाही बोलत राहायची, त्या कबुतरांना तिने नावं दिली होती. बाई तिच्या बोटांकडे कान लावून असत. बोटं कधीतरी खरं बोलतात. पण त्या बोटांत काहीच सापडेना. चिडून त्यांनी मुद्दाम जेवण सांडलं. मुद्दाम शिव्या दिल्या, "बापाच्या जिवावर इंग्रजी फाडतेस, एक वात वळता येत नाही." पोरगी हसली. आणि मग डिसेंबरातली ती सकाळ. केमिस्ट्रीची परीक्षा. खाली टॅक्सी येऊन उभी, पोरीच्या पाठीला बॅग, आजीला सगळं करून, पाण्याची बाटली हाताशी ठेवून ती दाराशी गेली. दार उघडल्याचा आवाज आला. आणि बाईंना वाटलं, आत्ता. आत्ता कळेल. "अवनी, लागली गं." ती परत आली, बॅग उतरवली, भांडं दिलं. काही झालं नाही. ती गेली. दार वाजलं. "अवनी." पुन्हा परत. तिसऱ्या हाकेला लिफ्ट आलेली होती, तिची घंटा बाईंना ऐकू आली होती. पोरगी तिसऱ्यांदा परत आली. टॅक्सीवाल्याचा फोन वाजत होता, तो तिने कापला. बाई उताण्या पडून तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या, एक वाकडी रेघ, एक दाबलेला ओठ, काहीही, आणि मग त्या मोकळ्या झाल्या असत्या, मग ते सगळं ओळखीचं झालं असतं. पोरीच्या कपाळाला घाम होता. "सावकाश, आजी. घाई नाही," ती म्हणाली. चाळीस मिनिटं उशीर झाला. परीक्षेच्या हॉलमध्ये तिला आत घेतलं नाही. दुपारी घरी येऊन तिने कुणाला काही न सांगता कुकर लावला. बाईंनी त्या शिट्या मोजल्या. म्हणजे ती पोरगी एकतर वेडी होती, नाहीतर अशी काहीतरी होती की जिच्यापुढे सत्यभामाने नऊ वर्षं जे केलं त्याला माणसं असंच करतात असं म्हणायची सोय उरत नव्हती. आणि आता निघाला अर्ज. आता आलं कारण हाताशी. बघा, बाई स्वतःला सांगत होत्या, डॉक्टर व्हायचं होतं म्हणून केलं. पण तेव्हा कुठे अर्ज होता, हे त्यांचंच मन मागून विचारी, आणि त्या मनाला त्या गप्प बस म्हणत.

बुधवारी सकाळी गुणवंत त्यांना आणि अवनीला हॉस्पिटलच्या दाराशी सोडून गाडीतच थांबला, पार्किंग नव्हती. "यल्ला, चल आई, दहा मिनिटांचं काम." बाहेर उन्हाने डांबर चकाकत होतं, गार गाडीतून उतरताच चष्म्यावर वाफ चढली होती आणि आत शिरताना बाईंना क्षणभर काही दिसेना. वास मात्र आला. त्यांनी हिरवी पैठणी नेसली होती, सुचित्रा म्हणालीसुद्धा, हॉस्पिटलात कशाला. ज्या दारातून आपल्याला हिरवा फडका गुंडाळून चादरीसकट ढकलत नेलं होतं, त्या दारातून त्या पैठणी नेसून चालत आल्या. कागदांच्या खिडकीशी नंबर घ्यावा लागतो. त्यांचा एकसष्ट, चालू होता चोपन्न. दोघी निळ्या खुर्च्यांवर बसल्या. अवनीच्या मांडीवर प्लास्टिकची फाईल होती, तिचा कोपरा ती नखाने उचलत होती, सोडत होती. बाईंनी ठरवलं होतं, सही करायची. घरातून निघताना तेच ठरलं होतं. दर्शनाला काय, काहीतरी सांगता येईल, म्हणता येईल की अवनीच्या भल्यासाठी खोटी सही केली. तेही चालून गेलं असतं, उलट मोठेपणाच. ह्या विचाराने त्यांना जरा हुशारी आली. त्यांनी पोरीच्या हातावर हात ठेवला.

तो हात ठेवला नसता तर बरं झालं असतं. पोरीला वाटलं आजी विरघळली. तिचे डोळे भरले आणि ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "आजी, त्या परीक्षेच्या दिवशीचं मी लिहिलेलं नाहीये हं. इंटरव्ह्यूतही बोलले नाही."

"कुठल्या दिवशीचं?"

"केमिस्ट्री. तू तीनदा हाक मारलीस ते." तिने नाक पुसलं. "तुला लागली नव्हती ना. भांडं कोरडं होतं, आजी. तिन्ही वेळा. मला तेव्हाच कळलं होतं. इट्स ओके. मी नाही कधी कुणाला सांगणार. बाबांनापण नाही सांगितलं."

सत्तावन्न. अठ्ठावन्न. समोरच्या भिंतीवर टीव्ही होता, त्यात कुणीतरी हात कसे धुवावेत ते दाखवत होतं, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून, पुन्हा पहिल्यापासून. सत्यभामाबाईंना आधी काहीच वाटलं नाही. मग त्यांना मुक्ताबाईंचे डोळे दिसले, टेपरेकॉर्डरच्या वरून बघणारे, आणि त्यांना एकदम उमगलं की आपण आयुष्यभर ते डोळे भित्रे समजलो. ते भित्रे नव्हते. म्हातारी माफ करत होती. नऊ वर्षं, दर कॅसेटला, ती बया आपल्याला माफ करत होती आणि आपण तिला सौदा समजत होतो. आणि आता ही. एवढीशी पोर, चार वर्षं हिने आपल्याला पदराखाली झाकून ठेवलं, आपण हिच्यासमोर रोज ताठ बसून चहात साखर कमी म्हणत होतो आणि ही आतून सगळं जाणून साखर घालत होती. बाईंच्या कानशिलात रक्त चढलं. एखाद्याने थोबाडीत मारली तर उलटून मारता येते. ह्याला काय उलटून मारायचं?

एकसष्ट. खिडकीत डोक्याला फिकट रुमाल बांधलेली तरुण बाई होती, छातीवरच्या पट्टीवर कशफ असं नाव आहे हे अवनीने वाचलं, "कशफ मॅडम, आपण फोनवर बोललो होतो." कशफने कार्ड घेतलं, पडद्यावर बघितलं, फॉर्म पुढे सरकवला, आणि पेनचं टोपण स्वतः काढून दिलं. "अम्मा जी, बस यहाँ एक साइन. कागज़ अभी निकाल देती हूँ." मग पोरीकडे बघून ती गोड हसली. "सात महीने बिस्तर पर थीं? माशाल्ला, अब तो दुल्हन लग रही हैं. बच्ची ने बड़ी ख़िदमत की होगी."

सत्यभामाबाईंनी पेन धरलं. सही त्यांना छान येत असे. भा-ला काना देताना त्या जीभ दाताखाली धरत. त्यांनी पेन कागदावर टेकवलं, शाईचा एक ठिपका उठला, तो वाढू लागला. मग त्यांनी पेन उचललं आणि आडवं ठेवलं.

"मेरा कुछ टूटा-बिटा नहीं था," त्या म्हणाल्या. "मैं तो गाव में थी."

"जी?" कशफने पडद्याकडे बघितलं. "अम्मा जी, सिस्टम में है. आपका नाम, ऑपरेशन की तारीख़…"

"होगी. सत्यभामा नाम की बाई दुनिया में एक ही है क्या?"

मागच्या रांगेतला माणूस खाकरला. अवनी पुढे झाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "आजी, उद्या दुपारी बंद होतं सगळं. दुसरं कॉलेज नाहीये, आजी. ह्या वर्षी नाही, नंतर पण नाही. बाकी सगळ्यांनी नाही म्हटलंय." बाई तिच्याकडे बघत राहिल्या, पुन्हा तेच, त्या डिसेंबरसारखं, टक लावून. आता तरी. आता तर तुझं सगळं गेलं, आता तरी दात दाखव, मला ढकल, ह्या परक्यांसमोर ओरडून सांग म्हातारी कशी आहे ते, आणि मी ह्या क्षणी सही करते, शपथ. पोरीने डोळे मिटले, एक मोठा श्वास घेतला. मग उघडले, आणि बाईंनी खिडकीची कड धरलीय ते बघून तिने विचारलं, "तुला चक्कर येतेय का? थोडं बसायचंय?"

सत्यभामाबाईंनी पैठणीचा पदर खांद्यावर नीट घेतला. त्यांचा आवाज चांगला खणखणीत होता, मंडळात माईक लागत नसे. निळ्या खुर्च्यांवरच्या माणसांनी माना वर केल्या, कुणाला मराठी कळत होतं, कुणाला नव्हतं.

"तुला तेव्हाच कळलं होतं ना, मी सोंग करतेय म्हणून?" त्या म्हणाल्या. "मग बॅग उचलून चालती का नाही झालीस? समोरची बाई खोटं कण्हतेय हे दिसतं आणि तरी जी तिसऱ्यांदा परत येते, ती डॉक्टर होत नसते, अवनी. ती जन्मभर कुणाची ना कुणाची मोलकरीण होते. कॉलेजाने तुला मार्क अगदी बरोबर दिलेत."